नवी रोड सायकल घेताय? आधी जुनीवर कुठं दुखतं ते सांगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी चक्कर मारून टपरीवर चहाला थांबलं की हेच प्रश्न, दुपारी फोनवर हेच, आणि लग्नात पंगतीला बसलं तरी शेजारचा पाहुणा हेच विचारतो. म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी राहतो जालन्यात, चालवतो जालना, संभाजीनगर, बीड या पट्ट्यात. माझं दुकान नाही, कुठल्या कंपनीशी देणंघेणं नाही. चौदा वर्षं वापरलेली सायकल दोन वर्षांपूर्वी बदलली. बदलताना केलेल्या चुकाही खाली आहेत.

रोड बाईक म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडं 'बाईक' म्हटलं की लोक मोटारसायकलच समजतात, म्हणून मी रोड सायकल म्हणतो. वाकड्या हँडलची, बारीक टायरची, डांबरी रस्त्यावर लांब पल्ला मारायची. जुनी माणसं हिलाच रेसर म्हणतात.

जुनी आहे, पण खरंच बदलायला हवी का?

विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी "थांबा" म्हणतो. दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक रोड सायकलींवर २३ मिमीचे टायर आहेत, त्यात शंभर-एकशेदहा पीएसआय हवा ठोकलेली, आणि हँडल पार खाली. त्या सायकलला २५ किंवा बसत असतील तर २८ मिमीचे टायर घाला, हवा कमी करा, स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा आखूड तुकडा) उलटा फिरवून हँडल वर आणा, एकदा नीट ओव्हरऑइलिंग करून घ्या. एवढ्यानं भागत असेल तर हजारोंची बचत झाली.

बदलायची वेळ कधी येते? फ्रेमला तडा गेलाय. रिमच्या बाजूवर ब्रेक घासून खोबण पडलीय आणि तसं चाक आता मिळत नाही. गिअरचे भाग इतके जुने की दरवेळी पुण्याहून मागवावे लागतात. किंवा फ्रेमच तुमच्या मापाची नाही. हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा असतं, आणि ते सगळ्यात उशिरा लक्षात येतं, कारण माणूस स्वतःच्या मानेला दोष देत बसतो.

'आरामदायी' हे दुकानात ठरवायचं कसं?

दुकानात ठरत नाही. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक सायकल आरामदायीच वाटते. जायच्या आधी आठवडाभर जुनी सायकल चालवा आणि रोज लिहा: किती किलोमीटरनंतर, कुठं, कसं दुखलं.

तळहात बधिर होतात, त्यातही करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट? वजन हातांवर पडतंय. हँडल फार लांब किंवा खाली आहे, नाहीतर सीटचं नाक खाली झुकलंय आणि तुम्ही सतत पुढं घसरताय. मान आणि खांद्यांच्या मध्ये दुखतं? तेच कारण, लांबीचा संशय जास्त. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा वर. कंबर धरते? हँडल खाली असेल, किंवा चढावर फार जड गिअर रेटत असाल. बुडाला टोचतं? सीटची रुंदी. अंगभर हादरे बसून थकल्यासारखं होतं? टायर.

यातलं सीट आणि टायर सोडवायला नवी सायकल लागत नाही. हात, मान आणि कंबरेची तक्रार स्टेम बदलूनही गेली नाही, तर मात्र फ्रेमचं माप बघायची वेळ आली. गुडघा आठ-पंधरा दिवसांत नाही थांबला तर सायकलवाल्याकडं नाही, डॉक्टरकडं जा.

माझी उंची पाच फूट सात इंच. दुकानदार म्हणतो ५४ नंबर घ्या. बरोबर आहे का?

असेलही, नसेलही. ५४ हा आकडा बुटाच्या नंबरसारखा आहे, एका कंपनीचा ५४ दुसरीच्या ५२ एवढा निघतो. शिवाय सारख्याच उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. भरवशाची मापं दोनच, स्टॅक आणि रीच. पायडलांचे दोन्ही दांडे, म्हणजे क्रँक, ज्या एक्सलवर फिरतात त्याच्या मध्यापासून हँडल जिथं फ्रेममध्ये जातं त्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची सरळ उंची म्हणजे स्टॅक. त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅक वाढला की तुम्ही ताठ बसता, रीच वाढला की पुढं ताणले जाता.

कंपन्या हे आकडे संकेतस्थळावर देतात. जुन्या सायकलचे सापडले नाहीत तर घरीच मोजा. सपाट फरशीवर मागचं चाक भिंतीला टेकवून सायकल उभी करा, कुणाला तरी धरायला लावा. भिंतीपासून त्या एक्सलच्या मध्यापर्यंत आणि भिंतीपासून त्या नळीच्या टोकापर्यंत आडवं अंतर मोजा. दोन्हींतला फरक हा रीच. तसंच जमिनीपासून दोन्हींची उंची मोजून वजाबाकी केली की स्टॅक. चार-पाच मिलिमीटर इकडंतिकडं झालं तरी चालतं.

मी हे मोजलं म्हणून वाचलो. माझ्या जुनीचा स्टॅक निघाला ५४८. एका दुकानात "एकदम कम्फर्टवाली, लाँग राईडची" म्हणून जी दाखवत होते तिचा ५४१. नाव आरामाचं, आणि हँडल माझ्या जुन्या रेसरपेक्षा खाली! मापाला एक नंबर लहान होती, शिल्लक राहिलेली, म्हणून माझ्या गळ्यात घालायची घाई. शेवटी घेतली तिचा स्टॅक ५७५ आणि रीच जुनीपेक्षा एक सेंटिमीटर कमी. मान दुखायची थांबली ती त्या २७ मिलिमीटरनं.

अंदाजासाठी स्टॅकला रीचनं भागा. उत्तर दीडच्या आसपास किंवा वर आलं तर बसणं निवांत. १.४ च्या जवळ आलं तर ती शर्यतवाल्यांची सायकल. कंपन्या निवांत प्रकाराला 'एन्ड्युरन्स' म्हणतात, पण शब्दावर जाऊ नका, भागाकार करा.

हँडल उंच करायला वॉशर टाकले की झालं ना?

थोडं होतं. स्टेमखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत रिंगा चालतात. त्याहून जास्त लागत असतील तर फ्रेम तुमची नाही. स्टेम ज्या नळीवर बसतो ती कार्बनची असेल तर कंपनीनं दिलेली मर्यादा ओलांडूच नका.

टायर किती रुंद घ्यावेत?

माझं उत्तर ठरलेलं आहे: ३२ मिमी. निदान ३२ बसेल अशी फ्रेम घ्या, मग आत २८ घाला की ३०, तुमची मर्जी.

आपले रस्ते आठवा. मोठा महामार्ग बरा असतो, पण घरापासून तिथवर? गतिरोधकांची रांग, पाइपलाइनसाठी खोदून मुरूम टाकून बुजवलेले चर, सिमेंट रस्त्याच्या सांध्यांची टकटक. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्याच्या कडेला चिपाडांचा आणि पाचटाचा थर. २३ मिमीच्या टायरवर यातलं प्रत्येक खच्चकन मणक्यात जातं. २५ च्या तुलनेत ३२ च्या टायरमध्ये साधारण दीडपटीहून जास्त हवा मावते, म्हणून दाब कमी ठेवूनही रिम आपटत नाही. मी ७४ किलोचा आहे. ३२ मध्ये साठच्या आसपास पीएसआय ठेवतो, मागं दोन-चार जास्त.

"रुंद टायरनं वेग कमी होतो" हे मीही वर्षानुवर्षं ऐकलं आणि दुसऱ्यांना सांगितलं. खडबडीत डांबरावर उलटं आहे. टणक टायर प्रत्येक खड्याला उसळतो, आणि त्या उसळण्यात ताकद वाया जाते. व्यावसायिक शर्यतवालेसुद्धा आता २८ आणि त्याहून रुंद वापरतात.

अजून एक बघा: टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी पाचएक मिलिमीटर तरी मोकळी जागा हवी. आपली काळी माती पाऊस पडला की चाकाला अशी लपेटते की जागा नसलेली सायकल शंभर पावलांत जाम होते, मग ती खांद्यावर. ज्यानं पाणंदीतून एकदा अशी उचलून आणलीय तो हा मुद्दा विसरत नाही.

बाभळीच्या काट्यांचं काय? ट्यूबलेस घ्यावं का?

वेडी बाभूळ आणि सराटे, दोन्ही आपल्या रस्त्यांच्या कडेला हटकून. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आत पातळ द्रव असतो, बारीक भोक पडलं की तो तिथं जमून घट्ट होतो. काट्यांवर हा उपाय उत्तम. पण द्रव सुकतो, आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो, त्यामुळं दर दोन महिन्यांनी बघून भर घालावी लागते. एवढा उरक नसेल तर साधी ट्यूब आणि आतून संरक्षक पट्टा असलेले टायर बरे.

काहीही घेतलं तरी रोड सायकलची ७०० सी मापाची ट्यूब गावातल्या दुकानात मिळेल असं गृहीत धरू नका. तिथं साध्या सायकलींच्या २६ आणि २८ इंचीच असतात, आणि ती २८ इंची आपल्या रिमवर बसत नाही. दोन ट्यूब, हातपंप आणि टायर काढायच्या पट्ट्या कायम सोबत. व्हॉल्व्हही वेगळा, बारीक, वर छोटी मळसूत्री असलेला. त्याला पितळेची टोपी मिळते, ती लावली की मोटारसायकलवाल्याच्या पंपानं हवा भरता येते. चार आण्याची वस्तू, पण मंठ्याच्या पुढं रविवारी दुपारी तिची किंमत कळते.

कार्बनची फ्रेम जास्त आरामदायी असते म्हणतात?

चांगली बनवलेली कार्बन फ्रेम थरथर थोडी शोषते, खरं आहे. पण हा फरक चार मिलिमीटर जाड टायरच्या फरकापेक्षा कमी. अॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा चिमटा (पुढचं चाक धरणारा) आणि ३२ चे टायर, हा आपल्या भागासाठी सगळ्यात शहाणा सौदा, असं माझं मत. स्टीलही छान, वजन जास्त. पण त्याला तडा गेला तर चांगला वेल्डर जोडून देऊ शकतो. कार्बन पडलं-आपटलं तर आतला तडा वरून दिसतोच असं नाही.

वजन किती असावं?

नऊ ते अकरा किलोंत चांगल्या सायकली मिळतात. आंतरराष्ट्रीय शर्यतींचा नियम आहे की सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी नको. तिथवर जायची आपल्याला गरज काय? माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर एक किलो म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. तो एक किलो पोटावरून कमी करणं स्वस्त पडतं. हे मी स्वतःलाच सांगत असतो.

चढावर दम लागतो. गिअर कोणते बघू?

जुन्या रेसर सायकलींना पुढं ५२ आणि ३९ दातांच्या चकत्या, मागं सगळ्यात मोठी २५ ची. म्हणजे सगळ्यात हलका गिअर ३९ भागिले २५, दीडपटीच्या वर. नवीन घेताना पुढं ५०-३४ आणि मागं ११-३४ बघा. ३४ भागिले ३४ म्हणजे एकास एक, पहिल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हलकं. दौलताबादच्या किल्ल्यापासून खुलताबादकडं चढताना किंवा मांजरसुंब्याच्या घाटात हा फरक गुडघ्याला समजतो. पुढं ४८-३२ असेल तर आणखी चांगलं.

गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या चढत्या क्रमानं क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ अशा पायऱ्या आहेत. आराम या पायरीवर ठरत नाही, गिअर किती मऊ बदलतात ते ठरतं. पैसे मोजकेच असतील तर सोरावर थांबा आणि उरलेले टायर-सीटवर घाला.

ब्रेक: डिस्क की साधे?

डिस्क. रुंद टायर बसतात आणि ओल्यातही धरतात. प्रश्न उरतो तारेचे की तेलाचे. तेलाचे हलक्या बोटानं लागतात, लांब उतारावर हात दुखत नाहीत. पण त्यातली हवा काढायला सामान आणि जाणकार लागतो. शिमानोला मिनरल ऑइल, काही दुसऱ्या कंपन्यांना डॉट द्रव, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं की आतली रबरं गेली. तुमच्या गावापासून जाणकार मेकॅनिक शंभर किलोमीटरवर असेल तर तारेचे घ्या, तार कुठंही बदलून मिळते.

जाड, गुबगुबीत सीट बसवून घेऊ का?

नको. पंधरा मिनिटं गादी वाटते, तासाभरानंतर मांड्या घासतात आणि नको तिथं दाब येतो. बसताना जी दोन हाडं टेकतात, ती सीटवर नीट टेकली पाहिजेत, मग सीट टणक असली तरी चालते. माप काढायचं तर स्टुलावर पुठ्ठा ठेवून त्यावर थोडं वाकून बसा, दोन खळगे पडतात, त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. सीट त्याहून दोनएक सेंटिमीटर रुंद हवी.

पॅडवाली चड्डी घ्याच, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. गावातून तशा चड्डीवर जायला संकोच वाटतो म्हणून अनेकजण घेतच नाहीत. वरून सैल थ्री-फोर्थ घाला. मी पाच वर्षं तसाच फिरलो, आता गल्लीलाच सवय झालीय.

वाकडं हँडल नकोच. हायब्रीड घेतली तर?

वीस-तीस किलोमीटरपर्यंत हायब्रीड झकास. त्यापुढं सरळ हँडलवर हात एकाच जागी राहतात आणि आखडतात. वाकड्या हँडलला हात ठेवायच्या तीन जागा: वर, ब्रेकच्या मुठींवर, खाली. उघड्या माळरानावर समोरून वारं सुटलं की ती खालची जागा किती कामाची आहे ते समजतं. शेताकडं, मुरुमाच्या रस्त्यानं नेहमी जाणं असेल तर ग्रॅव्हल सायकल बघा. हँडल वाकडंच, टायर ४० मिमीपर्यंत.

महिलांनी वेगळी सायकल घ्यावी का?

वेगळा रंग नको, वेगळं माप हवं. खांद्याएवढ्या रुंदीचं हँडल (बहुधा ३८ किंवा ४०), उंची कमी असेल तर १६५ मिमीचा क्रँक, बोटं पोचतील असे ब्रेक आणि आपल्या हाडांच्या मापाची सीट. कमी उंचीच्या पुरुषांनाही हेच लागू.

किती पैसे बाजूला ठेवू?

आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण त्यातले दहा-पंधरा टक्के सायकलवर खर्च करू नका. हेल्मेट, दिवे, पंप, ट्यूब, चड्डी आणि बहुधा दुसरी सीट यात जातात. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराचं पत्रक कुणी दाखवलं तर विचारा. बिलावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या.

दुकानात किती वेळ चालवून बघावी?

निदान अर्धा तास, आणि वाईट रस्त्यावर. लातूर-नांदेडकडची मंडळी हैदराबादला जातात, आम्ही संभाजीनगर नाहीतर पुण्याला. एवढं गेल्यावर लाजू नका. स्वतःची चड्डी, बूट आणि जमलं तर स्वतःची पायडलं घेऊन जा. सीटची उंची आधी लावून घ्या. पायाची आतली लांबी (भिंतीला टेकून, मांड्यांत पुस्तक घट्ट धरून मोजलेली) गुणिले ०.८८३, हा क्रँकच्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचा ढोबळ आकडा. ८० सेंटिमीटर असेल तर साधारण ७०.६. चालवूच देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

ऑनलाइन मागवली तर?

माप पक्कं माहीत असेल तर हरकत नाही. सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते, खरी परीक्षा त्यानंतर. दोन गोष्टी डोळ्यांनी तपासा. पुढचा चिमटा उलटा बसलेला नाही ना (डिस्क डाव्या हाताला आली पाहिजे). आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. माझ्या पहिल्या सायकलचं डावं पायडल एका मेकॅनिकनं नेहमीच्या दिशेनं जोर लावून बसवलं, क्रँकचे आटे फाडले, आणि वर म्हणाला, "माल हलका आलाय." आता मी पायडल स्वतः बसवतो.

समृद्धी महामार्गावर चालवता येईल का?

नाही. तिथं सायकललाच काय, मोटारसायकललाही परवानगी नाही.

जुन्या सायकलचं काय करू? नव्यावर काही वापरता येईल?

सीट आवडती असेल तर ती, पायडलं, दिवे, बाटलीचे स्टँड, एवढं चालतं. चाकं बहुधा नाही, कारण जुनी रिम-ब्रेकची आणि नव्या डिस्कच्या सायकलींचे एक्सल १२ मिमी जाड. एक्स्चेंजमध्ये कवडीमोल देतात. मी माझी ठेवली, मडगार्ड आणि कॅरिअर लावला, दूध-भाजी तिच्यावरच. फक्त गच्चीवर उन्हात टाकू नका, एप्रिल-मेमध्ये टायर भेगाळतात.

नवी घेतली, महिना झाला, तरी दुखतंच आहे. फसलो का?

लगेच नाही. बहुतेकजण एकाच दिवशी सीट, स्टेम, हँडल सगळं हलवतात आणि मग कशानं काय झालं ते कळत नाही. सध्या आहे ती जागा चिकटपट्टीनं खूण करून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट, पाच मिलिमीटर, आणि मग तीन फेऱ्या. कुणाला तरी बाजूनं मोबाईलवर चित्रण करायला सांगा. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा, कंबर डावी-उजवीकडं डुलायला नको, कोपर ताठ नको. सीट डाव्या-उजव्या बाजूला समपातळीत आहे का, हे आधी बघा. माझ्या ओळखीच्या एकानं आठ महिने मांडीचं दुखणं काढलं, आणि निघालं काय, तर सीटचा बोल्ट ढिला.